अंदाजाचं पान

पिंपरी
१२ जून २०२५

आदरणीय मारुतराव आल्हाट यांना,
सविनय जय भीम.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मैत्री ओव्हाळ. पिंपरीत राहते, ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. तुमचा मोशीचा पत्ता तुमच्याच ‘बंद गोदामातली घंटा’च्या मागच्या कव्हरवर मिळाला. पुस्तक सव्वीस वर्षांपूर्वीचं, त्यामुळे पत्र पोचेल याची खात्री नाही. प्रकाशकाकडे चौकशी करायला गेले होते, तर त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात.

माझे वडील कोंडीराम ओव्हाळ यांना तुमच्या कादंबऱ्यांचं वेड. एकोणीसपैकी चौदा आमच्या घरात आहेत, सगळ्या जुन्या बाजारातून आणलेल्या आणि वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या. वाचायची जागा म्हणजे कंपनीची बस. पिंपरी ते चाकण जाताना तास, येताना ट्रॅफिक असला की दीड. त्यांची एक पद्धत आहे. पाऊण पुस्तक झालं की थांबायचं, त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने तारीख घालायची आणि खुनी कोण त्याचं नाव लिहायचं. आम्ही त्याला अंदाजाचं पान म्हणतो. मग उरलेलं वाचायचं आणि शेवटच्या पानावर बरोबरची खूण नाहीतर फुली. आतापर्यंत नऊ बरोबर, चार फुल्या. चौदावं पुस्तक ‘घंटा’. त्यात अंदाज लिहिलाय, पुढचं वाचायचं राहिलंय. नाव कोणाचं ते तुम्हाला सांगत नाही, तुम्हीही मला शेवट सांगू नका. शेवटचं पान आधी उघडून बघणं आमच्या घरात चोरी धरतात.

आई नेहमी विचारते, दिवसभर मशीनवर उभं राहून आलेल्या माणसाला हे खुनाबिनाचं वाचवतं कसं? तुम्ही लिहिणारे, तुम्हालाच विचारते. लोकांना खून वाचायला का आवडतो?

आणि कव्हरवर ‘लेखक चाकण येथील एका कारखान्यात कार्यरत’ असं आहे. तिथे तुम्ही काय काम करायचात, याचीही उत्सुकता आहे.

आपली वाचक,
मैत्री


मोशी
२० जून २०२५

चि. मैत्री हिला मारुतरावाचे आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि चौथ्यांदा सुनेला मोठ्यानं वाचायला लावलं. मोठ्यानं म्हणजे खरोखर मोठ्यानं, कारण मला आता ऐकू येत नाही. डावा कान गेला तो गेला, उजवाही कामचुकार झालाय. फोन माझा मुलगा कुलदीप उचलतो. त्याच्या बसगाड्या आहेत, कंपन्यांच्या कामगारांची ने-आण करतो. त्याला वाटत होतं आबांची पुस्तकं वाचणारी माणसं संपली. तुझं पत्र त्याच्या नाकासमोर नाचवलं. अंगावर मूठभर मांस चढलं म्हण.

तुझ्या वडिलांना सांग, असा वाचक मिळायला लेखकाचं नशीब लागतं. चार फुल्यांबद्दल माफी, नऊ खुणांबद्दल निषेध. मी इतकं सोपं लिहितो की काय?

आता तुझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर. लोक म्हणतात, कोडं सोडवायची मजा असते. असेल. पण कोडं तर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातही असतं, त्यासाठी कोणी जागरण करत नाही. मला विचारशील तर खुनाची गोष्ट वाचताना माणसाला भीती वाटतच नाही, आधार वाटतो. पहिल्याच प्रकरणात एक माणूस मरतो आणि बाकीचं सगळं पुस्तक त्याच्यासाठी थांबतं. तो किती वाजता जेवला, कोणाशी बोलला, चप्पल कुठे काढली, सगळं कोणीतरी विचारतं. शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून एक नाव घेतलं जातं. आपल्याकडे माणूस मेला की तेराव्या दिवशी लोक कामाला लागतात. पुस्तकात तसं चालत नाही, म्हणून लोक पुस्तकाकडे येतात. शालन, माझी बायको, माझी पहिली वाचक. ती म्हणायची, तुमच्या पुस्तकात मेलेल्याला जेवढा मान असतो तेवढा जित्याला नसतो.

नोकरीचं विचारलंस. कार्मिक विभागात कारकून होतो. हजेऱ्या, रजा, कोणाला लागलं-खुपलं तर त्याचे अहवाल. रुक्ष काम गं. कादंबऱ्या पहाटे चारला उठून लिहायचो आणि आठला पंचिंग.

वडिलांना म्हणावं, ‘घंटा’ लवकर संपवा आणि निकाल कळवा.

मारुतराव


पिंपरी
२९ जून २०२५

आदरणीय काका,
जय भीम.

तुमचा निरोप बाबांना देता येणार नाही. बाबा ३ मार्चला गेले. पहिल्या पत्रात मला तसं लिहवलं नाही. हात ‘आहे’ असंच लिहीत गेला, मी लिहू दिलं.

चाकणच्या कंपनीत पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस मशीनवर ते होते, कंत्राटी. सकाळची शिफ्ट होती. मशीन खाली आलं तेव्हा ते आत वाकलेले होते. तिसऱ्या दिवशी मशीन पुन्हा सुरू झालं. हे मला विक्कीने सांगितलं, तो शेजारच्याच मशीनवर असायचा.

कंपनीने चौकशी अहवाल दिलाय. आईने ‘वाचला, मान्य आहे’ म्हणून सही करायची आहे. त्यातला एक परिच्छेद जसाच्या तसा उतरवून पाठवते:

‘सदर कामगाराने डावा पाय पेडलवर असताना, उत्पादन वाढविण्याच्या मोहाने, साच्यात अडकलेला पत्रा उजव्या हाताने काढण्याचा प्रयत्न केला. वारंवार सूचना देऊनही घाईच्या आहारी जाऊन त्याने स्वहस्ते आपला घात ओढवून घेतला. यास अन्य कोणीही जबाबदार नाही.’

आईला हे वाचून दाखवल्यापासून ती बाबांवर चिडलेली आहे. रडत नाही, भांडते. फोटोसमोर उभी राहून म्हणते, कसली घाई होती तुम्हाला, कुणी सांगितलं होतं हात घालायला, आमचा इचार न्हाई आला का? त्यांचा डबा तिने माळ्यावर टाकलाय. मला याचंच जास्त दुःख होतं. ज्या माणसाने आयुष्यात कधी शेवटचं पान आधी उघडलं नाही, तो घाई करेल का?

तुमच्या पुस्तकातला तपासनीस कागद वाचून सांगतो की यात काय खोटं आहे. तुम्ही त्याचे बाप. हा परिच्छेद वाचून मला सांगाल का?

मैत्री


मोशी
२ ऑगस्ट २०२५

चि. मैत्री,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी नव्हती. वडिलांचं वाचून वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

तू विचारलंस म्हणून सांगतो. गोष्टीतली चौकशी वेगळी आणि खरी वेगळी. गोष्टीत लेखकाच्या हातात सगळं असतं. प्रत्यक्षात अहवाल लिहिणारी माणसं अनुभवी असतात, नियमाप्रमाणे लिहितात. पेडलवर पाय ठेवून हात आत घालू नये हे कामगाराला शंभरदा सांगितलं तरी एखादा क्षण चुकीचा येतो. चांगल्यातल्या चांगल्या माणसाचाही येतो. त्यात त्याची बदनामी आहे असं आईंनी मानू नये.

माझा सल्ला ऐकशील तर आईंना सही करू दे. कागद मिटला की मन हळूहळू शांत होतं. कोर्टकचेरी, साहेबलोक, हे आपल्यासारख्यांचं काम नाही. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा बहिरा माणूस, यात माझा काही उपयोग नाही.

‘घंटा’चा शेवट वाचू नकोस असंही आता वाटतं. ती माझी चांगली कादंबरी नाही.

मारुतराव


पिंपरी
८ ऑगस्ट २०२५

मारुतराव काका,

तुम्ही हात झटकलेत. मला अपेक्षा होती की नव्हती, ते मलाच कळत नाही. आता मी खरं सांगते.

मी तुम्हाला वाचक म्हणून पत्र लिहिलंच नव्हतं. म्हणजे वाचक आहेच, पण पत्राचं कारण वेगळं होतं. अहवाल हातात आला तेव्हा मला त्यातलं एक वाक्य ओळखीचं वाटलं. कंपन्या ‘निष्काळजीपणा’ लिहितात. ‘स्वहस्ते आपला घात ओढवून घेतला’ असं कोण लिहितं? बाबांची पुस्तकं काढून बसले. दोन रविवार गेले. ‘घंटा’, पान एक्केचाळीस, खालून चौथी ओळ. ‘त्याने स्वहस्ते आपला घात ओढवून घेतला होता.’ आणखी दोन पुस्तकांत सापडलं. मग मागचं कव्हर पाहिलं आणि चाकणचा कारखाना दिसला. म्हणून विचारलं की तुम्ही काय काम करायचात. तुम्ही आनंदाने सांगून टाकलंत. तपासनीस गोड बोलून माहिती काढतो ते मी तुमच्याकडूनच शिकले.

आणि पेडल. विक्की म्हणाला, ‘मैत्रीताई, त्या मशीनला पेडलच नाहीये. दोन बटणं आहेत, दोन्ही हातांनी दाबायची. आणि समोर सेन्सर आहे, हात आत दिसला की मशीन थांबतं. तो सेन्सर अकरा दिवस बंद होता. वरूनच बंद केलेला, टार्गेटसाठी. मामांनी दोनदा रजिस्टरमध्ये लिहिलं होतं.’ बाबांना तो मामा म्हणतो. म्हणजे बाबांच्या नावावर जो पाय घातलाय तो त्यांचा नव्हेच. तो कोणाचा होता, काका? तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही म्हणालात, मेलेल्या माणसासाठी सगळं पुस्तक थांबतं. बाबाही असंच काहीतरी म्हणायचे. आईने विचारलं की म्हणायचे, ‘यात मेलेला माणूस कुणाचा तरी लागतो गं.’ मला वाटलं होतं, हे ज्याने लिहिलं त्याच्यात थोडी तरी लाज असेल.

१६ सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता सरकारी चौकशी अधिकाऱ्यांसमोर सुनावणी आहे. आईने सही केली तर बाबा कायमचे घाईत मेलेले राहतील. मी तिला थांबवून धरलंय, पण मी फार दिवस धरू शकणार नाही. तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलंय.

मैत्री


मोशी
३० ऑगस्ट २०२५

मैत्री,

तो पाय गणराजचा होता.

लातूरकडून आलेला, तीस-एकतीसचा. १९९७चा मे महिना. तेव्हाच्या मशीनला पेडल होतं आणि समोर लोखंडी जाळी असायची. जाळी असली की पत्रा बसवायला वेळ लागतो, म्हणून सुपरवायझरने ती काढायला लावली होती. शॉपमधल्या सगळ्या कामगारांना ठाऊक होतं, मलाही. मी अहवालाच्या पहिल्या मसुद्यात तसं लिहिलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, ‘आल्हाट, तुम्ही लेखक ना? जाळीचं काढा आणि जरा वजनदार लिहा.’ धमकी दिली नाही. दिली असती तर आज मला सांगायला काहीतरी असतं. त्यांनी मला लेखक म्हटलं, एवढ्यावर मी विरघळलो. घरी येऊन पहाटे नीट बसून तो परिच्छेद लिहिला. दोनदा खाडाखोड केली, चांगला व्हावा म्हणून.

त्याच्या बायकोने अंगठा उठवला. कडेवर मूल होतं.

साहेबांना मजकूर इतका आवडला की नमुना म्हणून फाइलला लावला. मी रिटायर झालो, फाइल कॉम्प्युटरमध्ये गेली. नाव आणि तारीख बदलायची, बाकी सगळं तयार. नवीन मशिनं आली, पेडलं गेली, माझा परिच्छेद राहिला. माझ्या एकोणीस पुस्तकांपैकी एकही आता मिळत नाही. हे एवढंच छापलं जातंय. मधल्या वर्षांत कोणाकोणाच्या नावाखाली, ते मी विचारलं नाही.

तुझं जूनचं पत्र आलं तेव्हाच मी ते वाक्य ओळखलं होतं. तब्येतीचं खोटं होतं. महिनाभर रोज पत्र काढायचो आणि पुन्हा गादीखाली ठेवायचो. मग तुला सही करायचा सल्ला दिला. शालन असती तर मला घरात घेतलं नसतं.

पहिल्या मसुद्याची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. जाळीचा उल्लेख असलेली, तारखेसकट, माझ्या अक्षरात. का ठेवली ते सांगता येत नाही. गोष्टीतले खुनीही पुरावा जपून ठेवतात आणि वाचक मला लिहायचे की हे पटत नाही. मूळ प्रत सोबत रजिस्टरने पाठवतोय. झेरॉक्स माझ्याकडे ठेवली आहे.

सुनावणीला येण्याबद्दल मात्र वचन देत नाही. कुलदीपच्या सहा बस त्याच कंपनीला लागलेल्या आहेत. तुझे वडील ज्या बसमध्ये माझी पुस्तकं वाचायचे, ती त्याचीच असणार. त्याला सांगितलं तर पाटीवर लिहून दाखवलं, ‘आबा, गप बसा की. आपल्या गाड्या हायत तिथं. मेलेला मानूस परत येनार हाय व्हय?’

मारुतराव


पिंपरी
१८ सप्टेंबर २०२५

मारुतराव काका,
जय भीम.

तुम्ही परवा आलात, बोललात आणि लगेच निघून गेलात. तुम्हाला काहीच ऐकू आलं नसेल, म्हणून तिथे काय काय बोललं गेलं ते लिहिते. तुमचा हक्क आहे.

तुम्ही दारात उभे होतात, धोतर घडीचं, हातात कापडी पिशवी. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे कोण? तुम्ही ऐकलं नाहीत, सरळ पुढे येऊन खुर्चीवर बसलात. मग ते प्रश्न कागदावर लिहून द्यायला लागले आणि तुम्ही मोठ्याने उत्तरं द्यायला लागलात, इतक्या मोठ्याने की बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं आत डोकावली. ‘हा परिच्छेद मी लिहिला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी लिहिला. तेव्हाही खोटा होता.’ तुम्हाला आपला आवाज केवढा लागला होता ते माहीत नसेल. भिंतीवर आपटून परत येत होता.

तुमच्या मागे कंपनीचा माणूस बसला होता. तो हसून म्हणाला, ‘साहेब, हे गृहस्थ गोष्टी लिहितात. ही पण एक गोष्टच समजा.’ तुम्ही पुढे बघत होतात.

तेव्हा आई उठली. ती सहीला आली होती काका, पेन तिच्या हातात होतं. ती त्या माणसाला म्हणाली, ‘गोष्ट म्हणता ना? मग चला कंपनीत. मला ते पेडल दाखवा. ज्याच्यावर माझ्या मालकाचा पाय होता ते पेडल मला दाखवा, मी आत्ता सही करते.’ तो फाइल चाळायला लागला. ती अजून दोनदा म्हणाली. मग विक्कीने मोबाइलमधला मशीनचा फोटो दाखवला. त्यात पेडल नाही, दोन बटणं आहेत. बाबांच्या तक्रारींचं रजिस्टर कंपनीला सापडत नाहीये.

फार काही जिंकलो नाही. अधिकाऱ्यांनी अहवाल अमान्य केला, नव्याने चौकशी करा म्हणून लिहिलं. बाबांच्या नावापुढचं ‘घाईच्या आहारी’ गेलं, तिथे आता ‘कारण निश्चित नाही’ असं आहे. कोणाला अटक नाही, कोणाची बदली नाही. विक्कीला दुसऱ्याच दिवशी गेटवरून परत पाठवलं. तो घरी येऊन बसला तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. तुमच्या मुलाच्या गाड्याही बंद झाल्या असं विक्कीनेच सांगितलं. पुस्तकात हे सगळं एका खोलीत संपलं असतं.

घरी आल्यावर आई फोटोसमोर गेली आणि खाली बसली. मार्चपासून पहिल्यांदा रडली. म्हणाली, ‘मी तुम्हाला काय काय बोलले हो.’ किती वेळ तेच म्हणत होती. मग स्टूल घेऊन माळ्यावरचा डबा काढला आणि घासायला घेतला.

मी काल ‘घंटा’ संपवली. बाबांनी पान एकशे बेचाळीसवर २ मार्च ही तारीख घातली होती आणि नाव लिहिलं होतं, ‘हजेरी कारकून’. मला खरंच वाटलं होतं की ते बरोबर निघणार. पण तुम्ही खुनी दाखवलाय रखवालदार, जो शेवटच्या प्रकरणाआधीच मेलेला आहे. मला ते पटलं नाही, पण पुस्तक तुमचं. बाबांची पेन्सिल घेऊन शेवटच्या पानावर फुली मारायला बसले आणि मारली नाही. आज मारेन.

तुम्ही आलात, त्याबद्दल आभार मानू की नको ते ठरत नाही. गणराजच्या घरच्यांचा पत्ता मी शोधते आहे.

मैत्री


मोशी
२७ सप्टेंबर २०२५

चि. मैत्री,

आभार मानू नकोस. ते तुझ्याकडून घ्यायला मला जागा नाही.

कुलदीप माझ्याशी बोलत नाही. तसंही मला ऐकू येत नाही, पण तो आता पाटीवरही लिहीत नाही. सहाच्या सहा गाड्या अंगणात उभ्या असतात. खिडकीतून त्याच दिसतात. विक्कीसाठी एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये चिठ्ठी दिली आहे, काम होईल की नाही माहीत नाही. माझ्या ओळखीत आता फार वजन उरलेलं नाही. गणराजचा गावचा पत्ता जुन्या डायरीत होता, सोबत लिहितो. तिकडे पहिलं पत्र मी स्वतः लिहीन. त्याची बायको वाचू शकत नसे, मूल एव्हाना मोठं झालं असेल.

आता ‘घंटा’चं. ती कादंबरी मी गणराज गेल्यानंतरच्या वर्षी लिहायला घेतली. खुनी हजेरी कारकूनच होता. पहिल्या पानापासून तोच होता. त्याच्या बोटांवरची शाई, त्याने पुसलेली वेळ, त्याचं जास्त नम्र बोलणं, सगळे धागे मी त्याच्याकडे नेले. शेवटच्या वीस पानांशी आलो आणि मला लिहिता येईना. पंधरा दिवस पहाटे उठून नुसता बसायचो. मग रखवालदाराला आधी मारला आणि सगळं त्याच्यावर टाकलं. मेलेल्यावर टाकलं की तो उत्तर द्यायला येत नाही, हे मला तोवर जमायला लागलं होतं. शालनने हस्तलिखित वाचून एवढंच विचारलं, ‘रखवालदारानं कशाला मारलं असेल हो?’ त्यानंतर तिने माझं पुस्तक हातात धरलं नाही.

पुस्तक चारदा छापलं गेलं. हजारोंनी वाचलं, कौतुकाची पत्रं आली. शेवट खोटा आहे असं कोणीही लिहिलं नाही. चाकणच्या बसमध्ये बसून एका माणसाने तो ओळखला, पेन्सिलीने तारीख घालून लिहून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच वाक्याखाली गेला.

तुझ्या वडिलांचा अंदाज चुकला नव्हता, पोरी. चुकलं ते पुस्तक. फुली मारली असशील तर खोडून टाक आणि बरोबरची खूण कर. हे लेखक म्हणून सांगतोय.

मारुतराव आल्हाट,
हजेरी कारकून